फिरत्या घरातील फ्रीज : विजेचा की गॅसचा?

मुलामुलींकडे म्हणून अमेरिकेस जाऊन चार-सहा महिने राहून येणाऱ्या मंडळींची संख्या आपल्या शहरांतून आता लहान राहिलेली नाही. ही मंडळी परत आली म्हणजे तेथील ज्या गोष्टींविषयी हौसेने बोलतात, त्यांत रस्त्यावरून धावणाऱ्या घरांचा उल्लेख हटकून असतो. तिकडे त्यांना ‘आर. व्ही.’ म्हणतात, म्हणजे ‘रिक्रिएशनल व्हेइकल’, विहाराचे वाहन. काही स्वतःच्या एंजिनावर चालणारी, आपल्या एस. टी.च्या गाडीएवढी किंवा तिच्याहूनही लांब. काही मोटारीमागे जोडून ओढून न्यावयाची. आत बिछाने, शेगडी, मोरी, न्हाणीघर, सारे काही. सुटीत पंधरा दिवस अशी गाडी भाड्याने घेणारे पुष्कळ. पण राहते घर विकून टाकून निवृत्तीनंतरची वर्षे अशाच घरात काढणारी जोडपीही तेथे थोडीथोडकी नाहीत.

या घरांविषयी बोलण्यासारखे पुष्कळ आहे. आम्ही आज त्यातील एकच वस्तू घेतली आहे, ती म्हणजे फ्रीज. वसंतातल्या संध्याकाळी इतकी मंडळी जमावीत आणि विषय निघावा फ्रीजचा, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु अशी गाडी बाळगणारी माणसे ज्या प्रश्नांचा अतोनात खल करतात, त्यांत हा प्रश्न फार वरचा आहे आणि तो तसा असण्यास कारणही आहे. निवड चुकली म्हणजे दूध नासले एवढ्यावर भागत नाही. मधुमेही माणसाचे इन्सुलिन त्याच कपाटात असते, आणि गाव शंभर मैलांवर असते. शिवाय त्यातील एका जातीच्या फ्रीजमुळे गाड्यांना आगी लागल्याचेही नमूद आहे.

प्रश्न असा आहे. अशा गाडीत आपल्या स्वयंपाकघरात असतो तसा, विजेवर चालणारा साधा घरगुती फ्रीज बसवावा, की गॅस आणि वीज या दोहोंवर चालणारा, खास या गाड्यांसाठी केलेला फ्रीज बसवावा? दुकानात दोन्ही शेजारी उभे केले तर वरवर पाहणाऱ्याला फारसा फरक दिसावयाचा नाही. दोन्ही पांढरे किंवा पोलादी, दोहोंना दारे, दोहोंत बर्फ होतो. फरक आहे तो पाठीमागे, आणि तो समजल्याशिवाय निवडीला अर्थ नाही.

‘थंडी’ नावाची वस्तू जगात तयार करता येत नाही. आतली उष्णता उचलून बाहेर टाकावयाची एवढेच कोणत्याही फ्रीजचे काम. आपला माठ हेच करीत असतो. माठाच्या अंगातून पाझरलेले पाणी वाफ होऊन उडते, आणि वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता ते माठातील पाण्याकडूनच घेते. पातळ पदार्थाची वाफ झाली की आसपासची उष्णता शोषली जाते, हे एक सूत्र लक्षात ठेवले म्हणजे दोन्ही फ्रीज कळतात. माठातून गेलेले पाणी मात्र गेलेच. फ्रीजमध्ये तोच पदार्थ पुनःपुन्हा वापरावयाचा असतो. म्हणून झालेली वाफ परत पातळ कशी करावयाची, हा खरा पेच. त्याची उत्तरे दोन, आणि त्यावरूनच फ्रीजच्या जाती दोन.

घरगुती फ्रीजचे उत्तर दांडगाईचे आहे. खाली एक काँप्रेसर, म्हणजे दाबयंत्र. ते वाफेला दाबते, दाबलेली वाफ तापते, मागच्या नळ्यांत आपली उष्णता खोलीत सोडून पातळ होते, आणि पुन्हा आत जाऊन उडते. हे दाबण्याचे काम विजेची मोटर करते. मोटर थांबली की सारे थांबले. याविषयी अधिक सांगावयास नको; प्रत्येकाच्या घरात त्याची घरघर ऐकू येते.

गॅसच्या फ्रीजचे उत्तर मात्र सांगण्यासारखे आहे, कारण त्यात फिरणारा एकही भाग नाही आणि विस्तव पेटवून बर्फ करावयाचा आहे. फेर्दिनां कारे या फ्रेंच गृहस्थाने १८५९ साली याचा पहिला उपयोगी प्रकार केला. अमोनियाला पाण्याचे विलक्षण प्रेम असते. थंड पाणी त्याला अधाशासारखे पिऊन घेते, आणि तेच पाणी तापविले की तो निमूटपणे बाहेर येतो. दाबयंत्राने जे करावयाचे, ते येथे पाण्याच्या या तहानेकडून करवून घ्यावयाचे. परंतु कारे याच्या यंत्राला पंप लागे. पंपही नको, झडपाही नकोत, अशी योजना १९२२ साली स्वीडनमध्ये स्टॉकहोमच्या राजकीय तंत्रविद्यालयातील बाल्ट्झार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी काढली. १९२५ साली ती इलेक्ट्रोलक्स कंपनीने घेतली, आणि आज अमेरिकेतील आर. व्ही.मध्ये जो गॅसचा फ्रीज दिसतो तो त्याच योजनेचा वंशज होय. (या खटाटोपात त्या काळी आइन्स्टाइनसारखा माणूसही पडला होता. त्याने आणि लिओ झिलार्ड याने अशाच, फिरते भाग नसलेल्या एका फ्रीजचे अमेरिकन पेटंट १९३० साली मिळविले. तो बाजारात मात्र कधी आला नाही.)

त्या दोन विद्यार्थ्यांची युक्ती अशी. पोलादी नळ्यांचे एक जाळे सर्व बाजूंनी जोडून कायमचे बंद करावयाचे. त्यात पाणी, अमोनिया आणि तिसरा हायड्रोजन भरावयाचा. सर्वांत खाली एक लहानशी ज्योत. ज्योतीने पाणी-अमोनियाचे मिश्रण तापते, अमोनियाचे बुडबुडे उठतात आणि दूध उतू जाताना साय जशी वर ढकलली जाते तसे ते आपल्याबरोबर थोडे पाणीही वर ढकलून नेतात. हाच त्यांचा पंप. वर गेल्यावर पाणी एका वाटेने निघते, अमोनियाची वाफ दुसऱ्या वाटेने माथ्यावरच्या नळीत जाते, तेथे बाहेरच्या हवेने निवते आणि पातळ होऊन उताराने फ्रीजच्या आत उतरते. आत हायड्रोजन वाट पाहत असतो. वाळत घातलेले धोतर उकळत तर नाही. तरी कोरड्या हवेत त्यातले पाणी उडून जाते. तसाच पातळ अमोनिया हायड्रोजनच्या सहवासात वाफ होऊन उडतो, आणि उडताना कपाटातील उष्णता घेऊन जातो. दोघांचे मिश्रण जड होऊन खाली घसरते, तेथे मघाचे थंड झालेले पाणी अमोनिया पिऊन टाकते, हलका हायड्रोजन पुन्हा वर जातो, आणि पाणी-अमोनिया पुन्हा ज्योतीवर येतात. आवाज नाही, झीज नाही, मोटर नाही. आत दाब मात्र वीस-पंचवीस वातावरणांइतका असतो.

ज्योतीच्या जागी विजेची तापणारी कांडी ठेवली तरी हे सारे तसेच चालते. उष्णता मिळाली म्हणजे झाले. ती कोठून आली याची त्या नळ्यांना फिकीर नाही. म्हणूनच हा फ्रीज ‘गॅस आणि वीज’ असा दुहेरी असतो. मुक्कामाच्या जागी वीज मिळाली तर कांडी तापवावी, नसेल तर प्रोपेनची ज्योत लावावी. काहींत गाडीच्या बॅटरीवर तापणारी तिसरी कांडीही असते.

आता ही योजना जितकी सुंदर तितकीच नाजूक आहे, हे ध्यानात ठेवावयास हवे. सारा कारभार उतारावर चालतो. पातळ पदार्थ आपल्या वजनाने खाली यावयाचा, पंप नाही की ढकलणारे कोणी नाही. गाडी कललेल्या जमिनीवर उभी केली तर नळीच्या एखाद्या बाकात तो साचून राहतो, ज्योतीवरील भाग कोरडा पडतो आणि जळतो. नळ्या आतून गंजू नयेत म्हणून पाण्यात सोडियम क्रोमेट घातलेले असते. अतिरिक्त उष्णतेने त्याचे खडे होऊन ते नळी बुजवितात. एकदा असे झाले की ते यंत्र गेले. नळ्या कायमच्या बंद असल्यामुळे साफ करण्याची सोय नाही. निर्मात्यांच्या पुस्तिकांतून साधारणतः एका अंगाला तीन अंश आणि दुसऱ्या अंगाला सहा अंश इतकाच कल चालेल असे सांगितलेले असते. तीन अंश म्हणजे एका फुटाला अर्ध्या इंचाहून थोडा अधिक. गाडी चालू असताना ती दोन्हीकडे डोलते, म्हणून तेव्हा फारसे बिघडत नाही. उभी राहिली म्हणजे संकट. मुक्कामावर पोहोचताच चाकांखाली लाकडी ठोकळे सारून पाणसळ बघत बसलेली माणसे तिकडे दिसतात, ती उगीच नव्हेत.

दुसरी अडचण उन्हाची. माथ्यावरच्या नळीने आपली उष्णता बाहेरच्या हवेत टाकावयाची. बाहेरची हवाच चाळीस अंशांवर गेली तर टाकणार कोठे? ॲरिझोनाच्या उन्हाळ्यात, विशेषतः फ्रीजची बाजू पश्चिमेकडे करून गाडी उभी केली असता, आतला पारा पाहिजे तितका उतरत नाही. अन्न ४ अंश सेल्सिअसच्या वर राहू देऊ नये असा तिकडचा दंडक. तो येथे हुकतो. तिसरी अडचण उंचीची. हवा विरळ झाली की ज्योत नीट जळत नाही, कधी विझते. साधारण ५,५०० फुटांवर गेल्यास गॅसऐवजी विजेवर चालवा, अशी सूचना पुस्तिकांतून असते. आपले कळसूबाईचे शिखर ५,४०० फुटांचे आहे. यलोस्टोनचे राष्ट्रीय उद्यान, जे पाहावयास आपली मंडळी आवर्जून जातात, ते सरासरी आठ हजार फुटांवर वसलेले आहे. चौथी गोष्ट मंद गतीची. हा फ्रीज सुरू केल्यापासून पुरता थंड व्हावयास आठ-दहा तास, कधी त्याहून अधिक घेतो. दार वारंवार उघडले तर गमावलेली थंडी परत मिळवितानाही तसाच रेंगाळतो.

आणि मग आग. वर्षानुवर्षे तापून ज्योतीवरच्या नळीला तडा गेला तर दाबाखालील हायड्रोजन आणि अमोनिया बाहेर पडतात, आणि समोर ज्योत असतेच. या दोषासाठी डोमेटिक या कंपनीला २००६ साली आणि नॉरकोल्ड या कंपनीला २०१० साली आपले फ्रीज मोठ्या संख्येने दुरुस्तीसाठी परत बोलवावे लागले. आता तापमान वाढताच ज्योत बंद करणारी साधने बसवितात. धोका पुष्कळ कमी झाला आहे, पण जुनी गाडी विकत घेणाऱ्याने त्या फ्रीजची दुरुस्ती झाली आहे की नाही हे क्रमांकावरून तपासल्याशिवाय पैसे मोजू नयेत. आत अमोनियाचा झोंबणारा वास आला, किंवा मागच्या नळ्यांवर पिवळी भुकटी दिसली, तर फ्रीज बंद करून गॅस तोडावा. ती पिवळी भुकटी म्हणजे बाहेर आलेले सोडियम क्रोमेटच होय. हात लावू नये. ते विषारी असते.

इतके दोष ऐकल्यावर हा फ्रीज कोणी घेतोच का, असे वाटेल. याचे उत्तर क्वार्टझ्साइट येथे मिळते. ॲरिझोनातील हे चिमुकले गाव. हिवाळा लागला की उत्तरेकडच्या बर्फातून हजारो गाड्या आसपासच्या सरकारी वाळवंटात येऊन उतरतात. ठराविक शुल्क भरले की १५ सप्टेंबरपासून १५ एप्रिलपर्यंत काही नेमलेल्या जागी राहता येते. वीज नाही, नळ नाही. डोक्यावर आकाश आणि भोवती खडी. अशा जागी गॅसचा फ्रीज एका लहान टाकीवर मुकाट्याने चालतो. ज्योत तासाला सुमारे १,५०० ब्रिटिश उष्णमाने खाते. तिकडची वीस पौंडांची टाकी, म्हणजे सुमारे ९ किलो, आपल्या स्वयंपाकघरातील १४.२ किलोच्या टाकीच्या दोनतृतीयांशाहून थोडी लहान. ती ज्योत रात्रंदिवस जळती ठेवली तरी बारा दिवस पुरते. मधूनमधून विझवून पेटविली जाते म्हणून प्रत्यक्षात दोन-तीन आठवडे जातात. बॅटरीकडून त्याला लागते ती नियंत्रणापुरती किरकोळ वीज. वीज न वापरणाऱ्या आमिश पंथाच्या घरांतूनही असेच गॅसचे फ्रीज असतात.

आता हाच फ्रीज विजेवर चालविला तर काय होते ते पाहा. त्याची कांडी तीनशे-चारशे वॅटची, आणि ती जवळजवळ अखंड तापत असते. दिवसाकाठी पाच ते आठ युनिट वीज सहज जाते. आपल्या बिलातले युनिट, तेच हे. उलट अठरा घनफुटांचा, म्हणजे पाचशे लिटरांवरचा, आजचा चांगला घरगुती फ्रीज वर्षाला सुमारे चारशे युनिट घेतो. दिवसाला एक युनिट आणि वर थोडेसे. शिवाय तो अधिक थंड, अधिक सम, बर्फ आपोआप झाडणारा, आणि किंमत गॅसच्या फ्रीजच्या निम्मी किंवा त्याहूनही कमी. जागा तीच असता सामान दीडपट मावते. मुक्काम जर नेहमी विजेच्या जागी असेल, आणि तिकडे खाजगी तळांवर प्रत्येक गाडीच्या जागेशेजारी विजेचा खांब व नळ असतो, तर गॅसच्या फ्रीजची बाजू मांडावयास काही उरत नाही.

पण वीज नसेल तेव्हा? येथे आपल्या श्रोत्यांना फार सांगावे लागणार नाही. भारनियमनाच्या दिवसांत ज्यांनी घरी इन्व्हर्टर बसविले त्यांनी आठवून पाहावे. दिवे-पंखे त्यावर चालत, फ्रीज त्यावर ठेवावयास कारागीर तयार नसे. कारण आकड्यांचे आहे. घरगुती फ्रीजला तिकडे १२० व्होल्टची वीज लागते, गाडीतील बॅटऱ्या १२ व्होल्टच्या. मध्ये इन्व्हर्टर हवा, आणि तो स्वतःच्या पोटासाठी वीस-तीस वॅट चोवीस तास खातो. फ्रीजचे १.१ युनिट, इन्व्हर्टरचे पाऊण युनिट आणि रूपांतरातील तूट धरून दिवसाचा खर्च १.९ युनिटच्या घरात जातो. सहा व्होल्टच्या, २२० अँपिअर-तासांच्या चार मोठ्या शिशाच्या बॅटऱ्या ठेवल्या तर त्यांत ५.३ युनिट मावतात. पण शिशाची बॅटरी अर्ध्याखाली उतरविली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते. वापरावयास मिळाले २.६. म्हणजे शंभर किलोंहून अधिक वजन वागवून दीड दिवसाचीही सोय नाही, आणि त्यात दिवे, पंप, हिवाळ्यातला वारा फेकणारा हीटर यांचा हिशेब धरलेलाच नाही. छतावर ४०० वॅटची सौर तावदाने टाकली तर हिवाळ्याच्या तिरप्या उन्हात दिवसाला दीड युनिट पदरी पडले तरी पुष्कळ. उरलेल्यासाठी जनित्र लावावे लागते, आणि शांततेसाठी वाळवंटात आलेल्या शेजाऱ्यांची त्यावर काय प्रतिक्रिया होते ती सांगावयास नको.

लिथियमच्या बॅटऱ्यांनी हा हिशेब बराच बदलला हे कबूल केले पाहिजे. तितकेच २.६ युनिट देणाऱ्या लिथियम बॅटऱ्यांचे वजन तीस किलोंच्या आसपास भरते, त्या जवळजवळ रित्या करता येतात आणि भरतातही लवकर. सहाशे-आठशे वॅटची तावदाने, तीन-चार अशा बॅटऱ्या आणि शुद्ध तरंगाची वीज देणारा इन्व्हर्टर, एवढे सारे बसविले तर घरगुती फ्रीज वाळवंटातही चालतो. मात्र मग फ्रीज स्वस्त पडला असे म्हणता येणार नाही. फ्रीजमध्ये वाचलेले पैसे छतावर आणि बॅटरीत गेले.

ज्यांच्या गाडीत गॅसचा फ्रीज आहे आणि ज्यांना तो काढून घरगुती बसवावयाचा आहे, त्यांनी दुकानात जाण्यापूर्वी टेप घेऊन गाडीचे दार मोजावे. ही दारे पुष्कळदा सव्वादोन फुटांहूनही अरुंद असतात. फ्रीज खिडकी काढून, प्रसंगी समोरची मोठी काच उतरवून आत घ्यावा लागतो. गॅसच्या फ्रीजच्या मागे बाहेरच्या भिंतीत खाली एक जाळी आणि छतावर एक धुराडे असते. ती दोन्ही बंद करून कोंदावी लागतात, नाहीतर पावसाचे पाणी आणि उष्ण वारा आत शिरतो. गॅसची नळी जाणकाराकडून बंद करून घ्यावी. घरगुती फ्रीजचे दार चुंबकाने मिटते. घाटातल्या वळणावर ते उघडून दुधाची बाटली जमिनीवर यावयास वेळ लागत नाही, म्हणून बाहेरून कडी हवी आणि सबंध कपाट भिंतीशी जखडून हवे. घरासाठी दिलेली हमी गाडीत लागू पडते की नाही, हेही आधीच विचारलेले बरे. खडखडाटाने तो लवकर मोडेल ही भीती मात्र फारशी खरी ठरलेली नाही; मोठ्या गाड्यांचे कारखाने गेली कित्येक वर्षे तो स्वतःच बसवून देत आले आहेत.

रस्त्यावर असताना काय, हा प्रश्न राहिला. गाडी चालू असताना एंजिनावरचे जनित्र बॅटऱ्या भरीत असते, तेव्हा घरगुती फ्रीजला अडचण नाही. गॅसच्या फ्रीजची ज्योत चालत्या गाडीत पेटती ठेवावी की नाही यावर तिकडे दोन तट आहेत. आम्हांला विझविलेली बरी वाटते. बंद दार चार-पाच तास थंडी धरून ठेवते. पेट्रोल भरताना तर ती विझविलीच पाहिजे. काही बोगद्यांतून प्रोपेन न्यावयास बंदी आहे. बाल्टिमोरच्या बंदराखालील बोगद्यांत दहा पौंडांहून मोठी टाकी चालत नाही. अशा गाड्या पूर्वी फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून जात. २६ मार्च २०२४ रोजी जहाजाच्या धडकेने तो पूल कोसळला, आणि या गाड्यांच्या वाट्याला शहराच्या पश्चिमेकडून लांबचा वळसा आला. शेगडीसाठी प्रोपेन बहुतेक गाड्यांत असतोच, तेव्हा केवळ फ्रीज बदलून हा वळसा चुकणार नाही.

मग आमचे मत काय? गाडीच्या मालकाने आपल्या गेल्या वर्षाच्या मुक्कामांची वही काढावी आणि किती रात्री विजेच्या खांबाशेजारी गेल्या ते मोजावे. नव्वद टक्के रात्री तशा असतील तर घरगुती फ्रीज घ्यावा, दोन-तीन रात्रींपुरती बॅटरी वाढवावी आणि गॅसच्या ज्योतीची चिंता सोडून द्यावी. आठवडेच्या आठवडे रानात काढणाऱ्याने, विशेषतः ज्याची गाडी लहान व छत झाडाखाली असते त्याने, गॅसचाच फ्रीज ठेवावा. झाडाखाली सौर तावदान कामाचे नाही, आणि ज्योतीला सावली चालते. मध्ये राहिलेल्यांसाठी अलीकडे तिसरी जात पुढे आली आहे. आत काँप्रेसरच, पण तो थेट १२ व्होल्टवर चालणारा. त्यामुळे इन्व्हर्टरची चोवीस तासांची खादाडी वाचते. दहा घनफुटांच्या अशा फ्रीजला दिवसाला साठ ते शंभर अँपिअर-तास, म्हणजे पाऊण ते सव्वा युनिट लागते. नव्या गाड्यांतून कारखानदार आता गॅसच्या फ्रीजऐवजी पुष्कळदा हाच बसवितात. गिऱ्हाइकाने बॅटरी किती दिली आहे ते मात्र विचारावे. फ्रीज बदलून बॅटरी एकच ठेवलेली गाडी वाळवंटात पहिल्याच पहाटे थंड पडते.

आपल्यापैकी जे उन्हाळ्यात मुलांबरोबर अशी गाडी भाड्याने घेऊन उद्याने पाहावयास जाणार असतील, त्यांना निवड करावयाची नसते. मिळेल तो फ्रीज सांभाळावयाचा असतो. गाडी ताब्यात घेताना तो कोणत्या जातीचा हे विचारून घ्यावे. गॅसचा असेल तर निघण्याच्या आदल्या संध्याकाळीच सुरू करावयास सांगावे, आणि घरच्या फ्रीजमधून थंड केलेलेच पदार्थ त्यात भरावेत. गरम भाजीचे पातेले आत ठेवले तर रात्र त्यातच जाते. ठासून भरू नये, आत हवा खेळली पाहिजे. ज्यांना इन्सुलिन घ्यावे लागते त्यांनी डॉलर-दोन डॉलरांचा उष्णतामापक मधल्या फळीवर ठेवून रोज सकाळ-दुपार पाहावा. न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंशांत राहिल्या पाहिजेत. गॅसच्या फ्रीजमध्ये मागच्या बाजूस धातूच्या पात्या असतात, तेथे थंडी सर्वांत अधिक. कुपी त्यांना टेकली तर गोठते, आणि एकदा गोठलेले इन्सुलिन पुन्हा पातळ झाले तरी उपयोगाचे राहत नाही. ती दाराजवळच्या बाजूस, डब्यात घालून ठेवावी.